उजव्या मनगटाची लोकर

२० नोव्हेंबर २०००, सोमवार

दिवाळीची सुट्टी संपली. पहिली अ, पट एक्केचाळीस, हजर पस्तीस. बाकीची अजून गावाला फराळ संपवतायत. आलेली मुलं सगळं विसरून आली आहेत, डबा कुठे ठेवायचा इथपासून.

चिंचोके काढले. फरशीवर खडूने हातभर मोठी अक्षरं आणि त्यांच्या रेघेवर चिंचोके मांडायचे. 'क'चं पोट कुणी भरायचं यावरून दोघांची जुंपली. तास कसा गेला कळलं नाही. शिपाईबाई दारातून म्हणाल्या, "बाई, तुमच्या वर्गात शिकवायला कधी बसतात?" म्हटलं, मुलांना कळू देत नाही, म्हणून तुम्हालाही कळलं नाही.

मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. ७ डिसेंबरला वर्गतपासणी. "यंदाची नेहमीसारखी समजू नका." संस्थेला जूनपासून इंग्रजी माध्यम सुरू करायचंय, खोली हवी आहे. पहिलीच्या दोन मराठी तुकड्यांपैकी एक बंद करा असं काही सभासदांचं मत. तपासायला येणाऱ्या साहेबांचा शेरा उत्तम आला तर दोन्ही टिकतील.

एक तुकडी बंद म्हणजे एक बाई अतिरिक्त. सगळ्यात उशिरा लागलेली मी. मु.बा. हे बोलल्या नाहीत. चहा मागवला, त्यावरून कळलं.

२१ नोव्हें., मंगळ.

ह्यांना सांगितलं. कारखान्यातून व्हीआरएस घेऊन ह्यांना दीड वर्ष झालं. पेपरमधून मान वर न काढता म्हणाले, "एका घरात एकानेच व्हीआरएस घ्यायची असते." मग पेपर खाली ठेवला आणि दोघांचा चहा स्वतः केला. घरी-दारी सगळे मला चहाच पाजतायत.

आज पट पुरा. सगळ्यांना एकेक करून जवळ बोलावून वाचून घेतलं. जोडाक्षराशिवायचे साधे शब्द. सत्तावीस जणांना येतं. चौदांना नाही. म्हणजे अक्षरं ओळखतात, पण दोन शेजारी आली की एकमेकांना ओळख देत नाहीत.

चौदावी शीतल. यवतमाळकडची. ऑगस्टमध्ये आली. शाळेमागे नवी सोसायटी झाली तिथे वडील वॉचमन, पार्किंगमधल्या खोलीत राहतात. 'कमळ' वाच म्हटलं तर चित्राकडे बघून "फूल" म्हणाली आणि स्वतःच हसली. मी पण.

२३ नोव्हें., गुरु.

दोन आठवड्यांत चौदा मुलं वाचायला लागणं शक्य नाही. हे कुणी मला समजावून सांगायची गरज नाही.

आमच्या गावचे गुरुजी एक युक्ती करत. तपासनीस यायच्या आधी सांगून ठेवत, उत्तर येत असेल त्याने उजवा हात वर करायचा, येत नसेल त्याने डावा. पण हात सगळ्यांचा वर. साहेबांना दिसायचं, वर्गाला सगळं येतं. गुरुजी उजवा हात बघून नाव घ्यायचे. मी उजवी होते. मला कायम येत असे. डावे कोण कोण होते, आज आठवायला बसले तर एक चेहरा समोर येत नाही.

पहिलीच्या गणितात 'डावे-उजवे' हा घटक आहेच. अजून घ्यायचा राहिलाय.

२७ नोव्हें., सोम.

लाल लोकरीचा गुंडा नेला. एक्केचाळीस तुकडे कापले. एकेकाच्या उजव्या मनगटाला बांधले. "लोकर तो उजवा." उजव्या हाताने नाक धरा, डाव्या हाताने कान धरा, उजवा पाय पुढे, डावा मागे. धमाल. हसून हसून दोघं बाकावरून घसरली.

मग म्हटलं, आता आपला एक गुप्त खेळ. बाईंनी प्रश्न विचारला की सगळ्यांचे हात वर. येतं त्याचा लोकरीचा, येत नाही त्याचा दुसरा. कुणाला सांगायचं नाही. घरी पण नाही.

गुप्त म्हटल्यावर पहिलीचं मूल काहीही करतं.

टाचणवहीत लिहिलं : "घटक - डावे-उजवे. पद्धती - खेळातून. साहित्य - लोकर." त्यात खोटं एक अक्षर नाही.

१ डिसें., शुक्र.

रोज सराव. आता चुकत नाहीत. "ह्या शब्दात कोणकोणती अक्षरं आहेत?" एक्केचाळीस हात. मी लोकर बघते, नाव घेते, उत्तर खणखणीत येतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल सगळा वर्ग हुशारीने ओसंडतोय.

सगळ्यात उंच हात शीतलचा. डावा. बाकावर गुडघे टेकून, बोटं ताणून. तिला खेळ फार आवडलाय. तिचं कधी चुकत नाही ना.

आज मधल्या सुट्टीत जवळ आली. "बाई, मी बराबर करतो ना?"

म्हटलं, हो गं. एकदम बरोबर.

७ डिसें., गुरु.

झाली तपासणी. क्रमाने लिहून काढते म्हणजे सुटेल.

साहेब अकराला वर्गात आले, मु.बा. मागे. आधी भेंडीचे ठसे बघितले. ताटात रवा पसरून मुलं बोटाने अक्षरं गिरवत होती तिथे वाकून बसले, स्वतः एक 'ज' काढला. चांगले गृहस्थ आहेत. हेच वाईट. खडूस असते तर बरं झालं असतं.

मग 'शब्दांची आगगाडी'. मी प्रश्न विचारला आणि एक्केचाळीस हात वर. साहेब थक्क. पुन्हा प्रश्न, पुन्हा हात. पाच-सहा मुलांनी उत्तरं दिली. साहेब मु.बां.ना म्हणाले, "मागच्या बाकापर्यंत हात वर असलेला वर्ग मी फार दिवसांनी पाहिला."

आणि मग म्हणाले, "ती शेवटची मुलगी बघा, केव्हाची हात ताणून बसलीय. तिला संधी द्या की." शीतल.

मी म्हटलं, "साहेब, तिचा घसा बसलाय."

कसं सुचलं कोण जाणे. असं पटकन मला भाजीवाल्यापुढे सुद्धा सुचत नाही.

शीतलने माझ्याकडे बघितलं. हात खाली घेतला. तोच हात घशावर ठेवला आणि साहेबांकडे बघून हळूच खोकली.

साहेब म्हणाले, "काळजी घे हं बाळ, गरम पाणी पी." तिने मान हलवली.

हे तिला मी शिकवलेलं नव्हतं. हे तिने आपण होऊन केलं, माझ्यासाठी.

८ डिसें., शुक्र.

शेरेबुकात : "इ. पहिली अ मध्ये खेळातून शिक्षण आनंददायी रीतीने चालते. सर्व विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त सहभाग. अनुकरणीय." मु.बां.नी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचलं. पेढे. 'उत्स्फूर्त' शब्दाला मी पेढा गिळत होते.

घरी ह्यांना सगळं सांगितलं. हसले. "आमच्याकडे आयएसओचं ऑडिट आलं की बंद पडलेल्या मशीनलाही हिरवा रंग द्यायचो. ऑडिटर खूश." मी म्हटलं, मशीन खोकत नाही. ह्यांना काही कळलं नाही. पुढे मी सांगितलंही नाही.

वर्गात सांगून टाकलं, गुप्त खेळ संपला. लोकरी सोडवा. काहींनी दिल्या, काहींना घरी न्यायच्या होत्या. नेऊ दिल्या.

५ जाने. २००१, शुक्र.

यंदापासून पहिलीला इंग्रजी आहे. 'कॅट' म्हणून मांजरासारखं चालायचं, 'डॉग' म्हणून भुंकायचं. मु.बा. शेजारच्या वर्गातून विचारायला आल्या की काय झालं. आई-बाप मात्र फाटकात विचारतात, बाई, इंग्रजी चालू झालं ना? मराठीचं कुणी विचारत नाही. सोसायटीतली निम्मी मुलं पिवळ्या बसने लांबच्या शाळेत जातात. त्यांचे बाप हिंजवडीला, कॉम्प्युटरवर.

आज प्रश्न विचारला तर काहींनी सवयीने डावे हात वर केले. म्हटलं, अरे संपला ना तो खेळ. ओंकार उभा राहून म्हणाला, "बाई, ते डावेच आहेत." ओंकार पुढच्या बाकावरचा, सगळ्या वर्गाचा कारभारी. बोलण्यात खोच नव्हती. कुणाचा चष्मा आहे, कुणाची वेणी आहे, तसं.

मी म्हटलं, असं म्हणू नये. आणि पुढे शिकवायला लागले.

१६ जाने., मंगळ.

तिळगुळाच्या गडबडीत शाळा सुटताना शीतलची आई भेटली. कडेवर धाकटं, हातात शीतलचं दप्तर. फाटकाबाहेरच थांबली होती, आत येऊ का नको करत.

"बाई, एक विचारू का? रागावू नका."

विचारा म्हटलं.

"माह्या पोरीले घरी वाचता येते. सोसायटीची टपाल येते ना, तिच्या बापाले वाचता नाही येत, तर थेच वाचते अन् पेटीत टाकते. जोशी, पाटील, देशमुख, समदे. एक चुकत नाही. मंग शाळेत काऊन नाही वाचत थे?"

मी म्हटलं, वाचते? कधीपासून?

"झाला की महिना. मी म्हणलं, बाईले दाखव ना वाचून. तर म्हणते, मी डाव्या हातावाली हावो, आमाले नाही विचारत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, उजव्या हातावाल्याईची फी येगळी असते का? असंल तर सांगा. पाहू आमी कसं तरी."

नाही हो, असं काही नसतं, फी नाहीच आहे, एवढं म्हणाले. तिने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. घेतला. खाल्लाही. तिथे उभ्या उभ्या दुसरं काय करणार.

१७ जाने., बुध.

आज माझ्याच टाचणवह्या उलटून बघितल्या. कुणाला प्रश्न विचारला त्याची मी बारीक खूण करते, जुनी सवय. ८ डिसेंबरपासून आजपर्यंत त्या चौदा नावांपुढे मिळून खुणा चार.

म्हणजे साहेब गेले तरी मी लोकरच बघत होते. मनगटावर नसलेली.

शाळा सुटल्यावर शीतलला थांबवलं. गोष्टीचं पातळ पुस्तक दिलं. बोट ठेवत ठेवत पूर्ण पान वाचलं. 'विहीर'ला अडली, सोडवलं. मी म्हटलं, अगं तुला येतं!

"हाव."

मग वर्गात उजवा हात वर का करत नाहीस?

तिने दोन्ही हात पुढे धरले, बघितले. "तो मले दिला नाही ना बाई."

२३ जाने., मंगळ.

डावं-उजवं खेळाने लावलं, खेळच ते काढेल अशा हिशेबाने आठवडाभर धडपड. हात वर करायचेच नाहीत, येतं त्याने टाळी. येतं त्याने एका पायावर उभं राहायचं. डोळे मिटून उत्तर. उत्तर कानात सांगायचं. चौदांपैकी बाकीची हळूहळू सैल झाली, पाच-सहा जण तर चुकीचं का होईना ओरडून सांगतात. ऐकून मला एवढा आनंद झाला की चुकीचं उत्तर दुरुस्त करायचं राहिलं.

शीतल टाळी वाजवत नाही. एका पायावर उभी राहत नाही. हसते मात्र सगळ्यांबरोबर.

१ फेब्रु., गुरु.

'पोस्टमन' खेळ आणला. हा तर तिचाच. रिकाम्या पाकिटांवर सगळ्या मुलांची नावं लिहिली, रात्रभर नाही पण बराच वेळ गेला. भिंतीला एक्केचाळीस कागदी खिसे, प्रत्येकावर चित्र, त्याखाली नाव. म्हटलं, आज पोस्टमन शीतल. ह्यांची जुनी खाकी टोपी तिच्या डोक्यात, नाकापर्यंत आली.

पिशवी खांद्याला लावून निघाली. एक नाव, एक खिसा. दुसरं नाव, दुसरा खिसा. ओठ नुसते हलत होते. प्राजक्ता, ओंकार, सलमान. जोडाक्षरासकट! सराईत, घरी करते तशी. मी भिंतीला टेकून बघत होते आणि मनात म्हणत होते, सुटले, सुटले.

सोळा-सतरा पाकिटं झाली असतील. ओंकार म्हणाला, "पण ही तर डावी आहे. हिला कसं येतं?"

खोच नव्हती. त्याला खरंच कळेना.

शीतल थांबली. हातातल्या पाकिटाकडे बघितलं. मग ते समोरच्या खिशात टाकलं, कुणाचा होता न बघता. पुढचं पुढच्यात. उरलेली सगळी पाकिटं तिने अशीच ओळीने टाकली, भराभर, आणि टोपी माझ्या हातात आणून दिली.

मुलं खिसे उघडून ओरडायला लागली. माझं पत्र त्याला, त्याचं मला. ओंकार म्हणाला, "बघा!"

त्याच्यावर हात उगारला मी. तेवीस-चोवीस वर्षं मुलं सांभाळतेय, घरची नि दारची, कधी कुणावर उगारला नाही. मारलं नाही, पण त्याने डोळे मिटले होते. त्याने काय केलं? मी शिकवलेलं त्याला नीट पाठ आहे, एवढंच.

२ फेब्रु., शुक्र.

ओंकारला 'चुकलं माझं' म्हटलं. तो म्हणाला, "काय चुकलं?"

आता कळतंय. शीतलला एकटीला घेऊन वाचून घेतलं तर ती वाचेल. पण वर्गात ती बसते ते चाळीस जणांमध्ये. गाठ तिच्यात नाही, सगळ्या वर्गात आहे, आणि मी बांधलेली.

६ मार्च, मंगळ.

महिना लिहिलंच नाही. लिहिण्यासारखं असूनही.

मु.बां.नी दुसरीच्या तुकड्यांसाठी यादी मागितली. आमच्याकडे दुसरीपासून अ मध्ये वाचता येणारी, ब मध्ये 'मागे असलेली'. उघड कुणी म्हणत नाही, पण फाटकातल्या शेवविक्याला सुद्धा माहीत आहे. यंदा भर पडलीय. संस्थेला तीन संगणक मिळालेत. ते फक्त अ ला, आठवड्यातून एक तास. ब ची मुलं खिडकीतून बघणार. यादी तोंडी परीक्षेवरून करायची, वर्गासमोर, परंपरेप्रमाणे. वर्गासमोर शीतल तोंड उघडणार नाही.

मु.बां.ना सगळं सांगून टाकलं. लोकरीपासून. वाटलं, रागावतील.

त्या म्हणाल्या, "बाई, मी त्या दिवशी तुमच्या दारात उभी होते. मला डावा-उजवा कळत नाही असं वाटलं का तुम्हाला?"

त्यांनीच पुढे सांगितलं.

"सगळेच करतात. मी पण केलंय. त्या शेऱ्यावर दोन्ही तुकड्या टिकल्या आहेत. मागच्या आठवड्यात ठराव झाला. आता तुम्ही साहेबांना जाऊन सांगणार? मग जूनमध्ये इथे येणारी तीस-चाळीस मुलं कुठे जातील? वॉचमनची, मोलकरणींची? त्यांना पिवळी बस घ्यायला येत नाही. त्या मुलीला तुम्ही अ मध्ये घाला, मी सही करते. विषय संपला."

बरोबर बोलल्या. एकही वाक्य चुकीचं नव्हतं. जिना उतरताना वाटलं, उद्या माझ्यावर असा कुणी ठपका ठेवला तर वकील म्हणून यांनाच करावं.

पण अ च्या यादीत नाव लिहून शीतल अ ची कशी होणार? ओंकार तिथेही असेल.

१२ मार्च, सोम.

ह्यांना विचारलं, साहेबांना सांगू का. म्हणाले, "नोकरी गेली तर बघू. मी बसलोय ना घरात, तू पण बस. एकमेकांना चहा करू." मग बऱ्याच वेळाने, "हिरव्या रंगाच्या मशीनवर एकाचं बोट गेलं होतं. सुरू आहे की बंद, कुणाला कळलं नाही." हे इतकी वर्षं मला कधी सांगितलं नव्हतं. पुन्हा पेपर वाचायला लागले.

१४ मार्च, बुध.

आज वर्गाला सांगितलं.

सगळ्यांना फरशीवर गोल बसवलं, मी पण खाली. गुडघे वाजले, मुलं हसली. म्हटलं, आज बाई स्वतःची चूक सांगणार आहेत. सगळी पुढे सरकली. बाईंची चूक म्हणजे मेजवानीच.

म्हटलं, लोकरीचा खेळ आठवतो? तो खेळ नव्हता. ज्यांना येत नव्हतं त्यांना येतं असं साहेबांना वाटावं म्हणून मी तो केला. डावं-उजवं असं कुणी नसतं. कुणाला आज येतं, कुणाला उद्या येतं. बाईंनी ते तेव्हाच सांगायला हवं होतं. शीतलचा घसाही बसला नव्हता.

ओंकार विचारात पडला. "म्हणजे आपण साहेबांना फसवलं?"

तुम्ही नाही. मी.

"पण हात तर आमचे होते."

म्हटलं, हो. हात तुमचे होते. म्हणून तर जास्त वाईट.

प्राजक्ता रडायला लागली, तिला वाटलं आता पोलीस येणार. तिला मांडीवर घेतलं. दोघा-तिघांनी खिशातून, दप्तरातून लोकर काढून माझ्यासमोर ठेवली. मागितली नव्हती मी.

शीतल माझ्या समोरच बसली होती. तिने ना डावा हात वर केला ना उजवा. नुसती बोलली. भर वर्गात, सगळ्यांना ऐकू येईल असं. ऑगस्टपासूनचं पहिलं वाक्य.

"बाई, मंग साहेबाले सांगतलं का तुमी?"

एक्केचाळीस तोंडं माझ्याकडे.

म्हटलं, अजून नाही.

१५ मार्च, गुरु.

शीतल वर्गात बोलते आहे. आज फळ्यावरचा शब्द वाचला, जागेवरून, परवानगी न घेता. ओंकारने मागे वळून बघितलं आणि म्हणाला, "हिला पण येतं." एवढंच. मग पुढे वळून स्वतःचं काम करायला लागला. माझी चार महिन्यांची कमाई त्याने तीन शब्दांत संपवली. मी फळा पुसण्याच्या निमित्ताने पाठ केली.

इथे थांबायला हरकत नव्हती. मुलीचं काम झालं. यादी उद्या द्यायची, तिचं नाव अ मध्ये, आता खरोखरचं. तुकडी टिकली, मी टिकले. चौदांपैकी दहा अ मध्ये जातील. चार ब मध्ये. त्या चौघांना मी डिसेंबर-जानेवारीत विचारत राहिले असते तर?

साहेबांना पत्र लिहिलं. अर्धं पान. तीन वेळा लिहिलं. दोनदा त्यात माझी बाजू जास्त झाली होती.

१६ मार्च, शुक्र.

मु.बां.ना यादी दिली. पत्र पर्समध्येच होतं. त्यांनी यादीवर सही केली, माझ्या पर्सकडे बघितलं आणि पुढचा कागद ओढला.

ओंकार, प्राजक्ता आणि दोघं-तिघं प्रार्थनेआधीच विचारून गेले, "सांगितलं?" त्यांना 'नाही' सांगणं जमलं. ती लगेच पळाली, त्यांना खेळायचं होतं.

शीतल जिन्याशी उभी होती. दप्तर पाठीला, वाट बघत असल्यासारखी.

"सांगतलं का बाई?"

नाही गं अजून.

"काऊन?"

उत्तर नुसतं येतं की नाही एवढाच प्रश्न असतो तेव्हा बरं असतं. मला येत होतं. तुकडी, संस्था, जूनची मुलं, ह्यांची व्हीआरएस, माझी नोकरी. सगळं येत होतं, आणि त्यातलं एकही तिच्या तोंडाकडे बघून म्हणता आलं नाही.

ती थांबली. घाई नव्हती तिला. मी चौदांपैकी कुणासाठी कधी एवढं थांबले नव्हते.

घंटा झाली. ती आत गेली. पत्रावर तारीख घातली आहे, सही राहिली आहे. उद्या शनिवार, सकाळची शाळा, सव्वासातला शीतल जिन्याशी.